लग्नाची कॅसेट डिस्कवर घ्यायची : लॅपटॉपची डबी की जुना डीव्हीडी रेकॉर्डर?

ताईच्या लग्नात अक्षता आधी पडल्या आणि ‘सावधान’ मागून आलं. 1994 च्या मे महिन्यात अमळनेरच्या मांडवात असं काही झालं नव्हतं. झालं ते तीस वर्षांनी, माझ्या लॅपटॉपवर. मामी शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘‘भाऊ, आक्षदा पहिले पडन्यात नि सावधान मांगे र्‍हायनं.’’ तिथून पुढे दोन महिने मी आवाज चित्रामागे पडण्याच्या याच एका दुखण्यामागे होतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते प्रयोगशाळेतलं नाही, घरातल्या अकरा व्हिडिओ कॅसेटींवरचं आहे.

कॅसेट लावायचं यंत्र, म्हणजे व्हीसीआर किंवा व्हीसीपी, चालू आहे, त्यातला पट्टी वाचणारा हेड साफ आहे, पिवळी-पांढरी पिन कुठे लावायची ते ठाऊक आहे, असं धरून चालतो. (हेड साफ करायला कानातले कापसाचे बोळे वापरू नका, तंतू अडकतात. आणि नोट घासायचा जुना उपाय तर मुळीच नको.) आता प्रश्न एवढाच, की त्या पिनांचं दुसरं टोक कशात खुपसायचं. बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारी, कॅसेटीचं चित्र-आवाज आत घेणारी कॅप्चरची डबी. दुसरी म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा तो जुना डीव्हीडी रेकॉर्डर, आता जुन्या बाजारातच मिळणारा.

डबीची बाजू आधी सांगतो, कारण कागदावर तीच जिंकते. स्वस्त, लगेच मिळते, फाइल थेट हार्ड डिस्कवर येते. नको तो भाग कापा, रंग थोडे वर आणा, मग हवी तेवढी डिस्क बनवा. चित्रही माझ्या डोळ्यांना रेकॉर्डरपेक्षा किंचित स्वच्छ वाटलं. हळदीचा पिवळा रंग तिच्यात जास्त खरा आला. कॅसेट चांगली असेल, एकदाच भरलेली आणि फार न फिरवलेली, तर डबीनेसुद्धा काम होतं. माझ्या अकरांपैकी तीन कॅसेटी तिच्यावर सुखरूप उतरल्या.

बाकीच्या आठांनी मात्र रडवलं. आवाजाचा घोळ एकाच प्रकारचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. फाइल तयार झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी बघा. तिन्हीकडे आवाज सारखाच मागे असेल तर काळजी नको, आवाजाची पट्टी एकदा पुढे सरकवली की झालं. सुरुवातीला जुळतोय आणि हळूहळू मागे पडत जातोय, तर चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ वेगवेगळं चाललंय. तीन तासांच्या कॅसेटीत पॅल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या, सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 25 स्थिर चित्रांच्या हिशेबाने 2,70,000 फ्रेम होतात. दर दहा हजारांमागे जेमतेम दीड फ्रेमचा फरक पडला तरी बिदाईपर्यंत आवाज दीड सेकंद लांब गेलेला असतो. डबीतून फक्त चित्र घेऊन आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतला तर हे हमखास होतं, कारण दोघांची घड्याळं मुळातच निराळी. यालाही उपाय आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये आवाज तेवढाच आखडून घ्यायचा.

तिसरा प्रकार खरा छळवादी, आणि ताईच्या कॅसेटीला नेमका तोच. पट्टी जिथे चुरगळली होती, किंवा शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला होता, तिथे चित्र क्षणभर हलतं, मुंग्या येतात. तेवढ्यात डबी पाच-सात फ्रेम गिळते. एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. आवाज बिचारा सरळ चालत राहतो, चित्र पुढे निसटतं. मग पुढचा चुरगळा येतो, आणखी थोडं निसटतं. म्हणजे घसरण नाही, पायऱ्या आहेत. एकदा ताणून किंवा एकदा सरकवून भागत नाही. प्रत्येक पायरी शोधून तिथे आवाज कापावा लागतो. व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करताना किती फ्रेम गळल्या आणि किती भरल्या याचे आकडे दिसतात. भरलेल्यांचं फारसं बिघडत नाही, गळलेल्यांचा आकडा वाढू लागला की समजावं, पुढे बसून कापाकापी आहे.

गंमत अशी, की अर्ध्या कॅसेटीत हा घोळ दिसतच नाही. त्या काळी मिक्सिंगवाला हळदीपासून वरातीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवायचा, मधूनच बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवायचा. तिथे कोणाच्या ओठांशी काय जुळायचंय? पण मंगलाष्टकांना मूळ आवाज ठेवलेला असतो. भटजींचा हात वर होतो, चारी बाजूंनी तांदूळ उडतात, मागे बँडवाल्याची टिपरी ढोलावर पडते, आणि या सगळ्यानंतर कुठे ‘सावधान’ ऐकू येतं. सहाव्या मंगलाष्टकाला तर ढोल गप्प झाल्यावर वाजत होता. माझा निर्णय तिथेच झाला म्हणा ना.

मधे एकदा कंटाळून चार कॅसेटी एका स्टुडिओत दिल्या. गाव आणि नाव सांगत नाही, माणूस भला आहे. डिस्कवर छान छापील वेष्टन घालून दिलं, पण आत अक्षता आधीच पडत होत्या. विचारलं तर त्याच्याकडेही डबीच निघाली.

मग ओळखीतून साडेचार हजाराला जुना डीव्हीडी रेकॉर्डर आला. दिसायला ठोकळा, रिमोटचं झाकण गायब. त्याच ताईच्या कॅसेटीवर लावला. चुरगळलेल्या जागी चित्र क्षणभर थिजलं, पण आवाज जागेवर राहिला. कारण साधं आहे. फ्रेम हुकली तर हा मागचीच फ्रेम पुन्हा धरून जागा भरतो, म्हणजे सेकंदाला 25 चा हिशेब मोडत नाही, आणि चित्र-आवाज दोन्ही एकाच घड्याळावर, तिथल्या तिथे डिस्कवर जातात. निदान माझ्याकडचा तरी असाच वागतो, सगळे वागतील याची हमी मी देणार नाही.

त्याची दुखणी आहेत, लपवत नाही. दोन तासांच्या मोडमध्ये चित्र बरं येतं, चार तासांच्या मोडमध्ये चेहरे पुसट होतात. म्हणून तीन तासांची कॅसेट मी दोन डिस्कवर घेतो, पंगत संपली की डिस्क बदलायची. शेवटी डिस्क फायनलाइज, म्हणजे इतर प्लेअरला वाचता येईल अशी बंद, करायला विसरलात तर दुसऱ्या प्लेअरवर बहुधा लागणार नाही. जुन्या कॅसेटीचा अशक्त सिग्नल पाहून कधीकधी याला ती कॉपीबंदीची वाटते आणि हा रेकॉर्ड करायलाच नकार देतो. माझ्याकडे एका कॅसेटीला असं झालं, व्हीसीआर बदलल्यावर सुटलं. व्हीसीपीला आवाजाची एकच पिन असेल तर एकाच्या दोन करणारी वायर लावा, नाहीतर आवाज फक्त डाव्या कानात येईल. मला ती जळगावला गोलाणी मार्केटात मिळाली. आणि इन्व्हर्टर हवाच. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर ती डिस्क गेली समजा. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे ही जोखीम कोण घेणार? मी पहाटे चारला उठून लावायचो. तेव्हा गारवा असतो आणि लाइटही सहसा टिकते.

तिसरी वाट म्हणजे एव्ही-इन (बाहेरचं चित्र-आवाज आत घ्यायचं भोक) असलेला जुना डीव्ही, म्हणजे डिजिटल टेपचा, कॅमेरा, किंवा चित्र-आवाज डिजिटल करणारी कॅनोपस एडीव्हीसी-110 सारखी पेटी. आवाज चित्राशी बांधून ठेवण्यात ही पेटी रेकॉर्डरपेक्षाही सरस, आणि कापाकापीही करता येते. पण तासाला सुमारे 13 जीबी जागा, आणि ती जोडायला लागणारं फायरवायरचं भोक असलेला संगणक आता शोधायचा कुठे? एखाद्या भाच्याच्या माळ्यावर तसा जुना डेस्कटॉप पडला असेल तर खुशाल हीच वाट घ्या, मी अडवणार नाही.

तुम्हाला एडिटिंगची हौस असेल, कॅसेटी धडधाकट असतील, तर डबीने सुरुवात करून बघायला हरकत नाही. एक कॅसेट पूर्ण घ्या, शेवटची दहा मिनिटं बघा. पट्टी चुरगळलेली असेल, किंवा घरात मामीसारखं कोणी बारकाईने बघणारं असेल, तर मी तरी थेट रेकॉर्डरच शोधेन.

डिस्क झाली की त्याच दिवशी ती हार्ड डिस्कवर उतरवून घेतो, घरी भरलेल्या डिस्कवर माझा फार विश्वास नाही. आणि कॅसेटी टाकलेल्या नाहीत. पुस्तकांसारख्या उभ्या करून कपाटात वरच्या फळीवर ठेवल्यात, ओल लागणार नाही अशा. या अकरांशिवाय अजून दोन बाकी आहेत, त्यातली एक कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, मिरवणुकीची. तिच्यावर पांढरी बुरशी दिसते, म्हणून ती आधी साफ करायची, मगच व्हीसीआरमध्ये घालायची.