व्हीजी-३० डांबर: बेळगाव, अथणी, खानापूर तिन्हीकडं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लेआउटमधले रस्ते, मळ्याकडं जाणारे रस्ते, वजनकाट्याची यार्डं अशी डांबरी कामं आम्ही घेतो आणि बहुतेक सगळी व्हीजी-३० मध्येच केलीत (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, डांबर किती घट्ट आहे त्याचा नंबर), म्हणून आधी मार्क सांगून टाकतो, ५ पैकी ४. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांसाठी यापेक्षा भरवशाचा माल नाही. एक मार्क का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्याकडचे जुने मेस्त्री अजून "साठ-सत्तर मागवा की वो" म्हणतात. २००६ साली आयएस ७३ हे डांबराचं भारतीय मानक बदललं आणि सुईच्या (सुई डांबरात किती रुतते त्यावरच्या) ग्रेडऐवजी व्हिस्कॉसिटीचे ग्रेड आले, ऐंशी-शंभरच्या जागी व्हीजी-१०, साठ-सत्तरच्या जागी व्हीजी-३०, तीस-चाळीसच्या जागी व्हीजी-४०. हे बरं झालं, कारण सुईची टेस्ट व्हायची २५ डिग्रीला आणि मे महिन्यात दुपारी डांबरी रस्ता ६० च्या आसपास तापतो, तिथं माल किती घट्ट राहतोय ते २५ ला कसं कळणार? आता ग्रेड ठरवायला ६० डिग्रीलाच मोजतात. व्हीजी-३० ला २४०० ते ३६०० पॉइज (घट्टपणाचं माप) आणि व्हीजी-१० ला ८०० ते १२००, म्हणजे त्याच उन्हात व्हीजी-१० तिपटीनं पातळ. स्वस्त पडतंय म्हणून कुणी व्हीजी-१० गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ते थंड मुलखाचं आणि स्प्रेच्या कामाचं डांबर आहे, आपल्याकडं उन्हाळ्यात वर येऊन चाकाला चिकटतं.

आता हवामानाचं. २०१३ च्या आयएस ७३ मध्ये हिशोब सोपा आहे, सलग ७ दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३० च्या खाली असेल तर व्हीजी-१०, ३० ते ३८ ला व्हीजी-२०, ३८ ते ४५ ला व्हीजी-३० आणि ४५ च्या वर व्हीजी-४०. बेळगाव शहरात एप्रिलात पारा सहसा ३५-३६, म्हणजे नुसतं ऊन बघितलं तर व्हीजी-२० पुरेल. पण आमच्या डेपोत व्हीजी-२० मागून सहज मिळत नाही आणि शहरात खडीचे टिप्पर, बस, सगळंच चालतं, म्हणून एक पायरी घट्ट घेतलेलं चांगलं. या कामांत व्हीजी-३० नं आम्हाला कधी त्रास दिला नाही.

मार्क कापला तो अथणी, रायबाग, चिकोडी पट्ट्यासाठी. तिकडं ऊन जास्त हे आहेच, पण खरा मार बसतो तो गळीत हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या उसानं भरून ट्रॅक्टर काट्यासमोर तासन् तास उभे असतात. पळत्या गाडीचं वजन डांबर झेलतं, उभ्या वजनाखाली ते हळूहळू सरकत जातं. एका यार्डात व्हीजी-३० घातलेलं, तिथं काट्याच्या अलीकडं जिथं रांग थांबते तेवढ्याच भागात चाकोऱ्या पडल्या, कडेला डांबर फुगून वर आलेलं हाताला लागत होतं आणि त्याच यार्डात जिथून गाड्या न थांबता बाहेर जातात तिथं काही नाही. माल तोच, दिवस तोच, रोलर तोच. अशा ठिकाणी व्हीजी-४० किंवा पॉलिमरवालं डांबर घ्या, आणि बजेट असेल तर रांगेच्या जागेवर सरळ काँक्रीट करा, मी तरी हल्ली मालकांना तेच सांगतो. मात्र काळ्या मातीवरच्या मळ्याच्या रस्त्याला पातळ थरात व्हीजी-४० घालू नका, खालची माती हलते आणि कडक डांबर लवकर तडकतं.

खानापूरची गोष्ट वेगळी आणि तिकडं लोक सगळ्यात जास्त चुकीचा विचार करतात असं मला मनापासून वाटतं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाकडं रस्ता उखडला की लगेच "डांबर कमी घातलं", "ग्रेड हलका घातला". ग्रेड चढवून तिथं काही होत नाही हो, तिकडं ऊन नाही, पाणी आहे. पाणी खडी आणि डांबराच्या मधे शिरतं आणि खडी उघडी पडते. आपला काळा दगड डांबर चांगलं धरून ठेवतो, पण पांढरट गारेचा दगड डांबरापेक्षा पाण्याला जवळ करतो. म्हणून तिकडच्या कामाला खडी ठरवायच्या आधी टेस्ट करून घ्या, डांबर लावलेली खडी ४० डिग्रीच्या पाण्यात २४ तास बुडवायची, ९५ टक्के डांबर चिकटून राहिलं पाहिजे. आम्ही दोन खाणींची खडी शेजारी शेजारी ठेवली होती, काळी जशीच्या तशी राहिली आणि दुसरीच्या कडा दुसऱ्या दिवशी पांढऱ्या दिसायला लागल्या. अशी खडी आली तर २ टक्के हायड्रेटेड लाइम (विझवलेला चुना) किंवा अँटी-स्ट्रिपिंग (खडीवरून डांबर सुटू न देणारं) केमिकल घाला, नाहीतर खडीच बदला. रस्त्याचा आडवा ढाळ अडीच टक्के आणि गटार उघडं, हे नसेल तर कुठलंच डांबर टिकणार नाही.

टेंपरेचरवर पण लक्ष ठेवा. व्हीजी-३० चा माल प्लांटवर १५० ते १६५ मध्ये, पसरताना कमीत कमी १४०, रोलिंग ९० च्या खाली जायच्या आत संपलं पाहिजे. बेळगावकडून घाटात माल नेताना ताडपत्री नसेल तर वरचा थर आधीच गार होतो, आणि गार होईल म्हणून प्लांटवर जास्त तापवला तर डांबर जळतं, ते अजून वाईट. थर्मामीटर स्वतःचा न्या, ड्रायव्हरच्या बोलण्यावर जाऊ नका.

सप्लायरचं म्हणाल तर नाव घेत नाही, पण एका ठिकाणी टँकरबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर "पुढच्या खेपेला देतो" म्हणाले, आम्ही गाडी परत पाठवली. कागदावर बॅच नंबर, ६० डिग्रीची व्हिस्कॉसिटी, सुईचा आकडा ४५ च्या वर आणि सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडायचं तापमान) ४७ च्या वर एवढं तरी बघाच. डांबराचे भाव दर पंधरवड्याला बदलतात, त्यामुळं कोटेशनवर तारीख लिहून घ्या. आणि खानापूरकडचं काम असेल तर मे च्या मधेच थर पुरा करा, तिकडं वळीव आला की ओल्या थरावर टॅक कोट (दोन थर चिकटवायचा डांबराचा पातळ फवारा) मारायची घाई सुरू होते आणि मग रोलर कितीही फिरवा, तो थर खालच्याला धरत नाही.