विनडिरस्टॅट: ७४ जीबी कुठे गेले ते एकदाचं कळलं

आमचा बडोद्याला दांडिया बजारात छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, मुंज आणि नवरात्रात नऊ रात्री गरबा. त्यामुळे फोल्डरात फोल्डर, त्यात अजून फोल्डर, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल काकूंनी सांगितलेलं' अशी अवस्था. ४ टीबीची एक्स्टर्नल डिस्क फुल झाली (विंडोज तिला ३.६३च म्हणतं, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने) आणि कुठला फोल्डर किती खातोय ते एक्सप्लोरर सरळ सांगत नाही, एकेकावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघत बसा.

आधी भाच्याने पॉवरशेलची (विंडोजमध्ये कमांड लिहून काम करून घ्यायचं साधन) स्क्रिप्ट करून दिली होती, गेट-चाइल्डआयटमला रिकर्स लावून (म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) मेजर-ऑब्जेक्टने लेंग्थची, म्हणजे फाइलच्या साइझची, बेरीज. चालली मस्त, यादी एक्सेलमध्ये आली, पण बेरीज भरलेल्या जागेपेक्षा चांगलीच कमी. दोन दिवस डोकं खाल्लं.

मग विनडिरस्टॅट टाकलं, डिस्कवर कोण किती जागा खातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स. स्कॅन चालू असताना यादीत पॅकमॅन तोंड उघडझाप करत फिरतात, बघायला मजा येते, पण यूएसबी डिस्क असेल तर चहा पिऊन या. नंतर खाली रंगीत चौकोन येतात, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा, क्लिक केलं की वर यादीत फाइल सापडते. एक जाडजूड पट्टा दिसला, क्लिक केलं तर रिसायकल बिन! गेल्या वर्षी डिलीट केलेले गरब्याचे व्हिडिओ, ७४ जीबी, तिथेच आरामात पडलेले. हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं आणि स्क्रिप्टमध्ये फोर्स (लपवलेलंही घे असं सांगणारा शब्द) लिहिलं नव्हतं ना, म्हणून लपवलेलं तिने मोजलंच नाही.

तरी थोडा फरक उरलाच. डिस्क एक्सफॅट आहे (फाइल ठेवायची एक पद्धत), आमच्याकडे क्लस्टर, म्हणजे जागेचा सगळ्यात छोटा तुकडा, १२८ केबीचा, म्हणजे ५ केबीचा प्रीव्ह्यूसुद्धा १२८ अडवतो आणि असे प्रीव्ह्यू आमच्याकडे हजारोंनी. लेंग्थच्या बेरजेत हे येत नाही.

विझट्री हे असंच दुसरं सॉफ्टवेअर जास्त फास्ट आहे हे खरं, पण ते एनटीएफएसचं (विंडोजची नेहमीची पद्धत) मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइलींची नोंदवही, थेट वाचतं म्हणून, एक्सफॅटवर तो फायदा नाही, आणि धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं.

चार स्टार. एक कापला कारण डिलीटचा ऑप्शन तिथेच आहे आणि आमच्या असिस्टंटचा हात चालू असतो. स्क्रिप्ट पण ठेवलीये, महिन्याची यादी तिच्यातूनच काढतो, आता फोर्स लावून.