‘सीलबंद’ लिनिअर मोटर घेताना झालेली फसवणूक

भोसरीतील आमच्या लहान कारखान्यात कटिंग यंत्राचा एक अक्ष (एका दिशेने सरकणारा भाग) बॉलस्क्रूऐवजी, म्हणजे फिरत्या आट्याच्या दांड्याऐवजी, लिनिअर मोटरवर (चुंबकांच्या प्लेटांवरून कॉइलला थेट सरळ रेषेत सरकवणाऱ्या मोटरवर) चालवायचे ठरले, तेव्हा नव्या मोटरसाठी काही महिने थांबणे परवडणारे नव्हते. एका व्यापाऱ्याने बंद पडलेल्या प्रकल्पातील न वापरलेला माल म्हणून एक कॉइल आणि ४ मॅग्नेट प्लेटा देऊ केल्या व ७० टक्के रक्कम आगाऊ घेतली. गोदामात त्याने प्लेटीजवळ स्क्रूड्रायव्हर नेला, तो खाडकन चिकटला आणि मला दोन्ही हातांनी ओढावा लागला. “साहेब, ताकद बघा, कोरा माल आहे,” असे तो म्हणाला. निओडायमियमचे चुंबक बरेच क्षीण झाले तरी स्क्रूड्रायव्हर तसाच ओढतात, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

जोडणी आम्ही पितळी अवजारांनी, कॉइल आणि प्लेटांमधील फट नकाशाप्रमाणे राखून केली. यंत्र रिकामे असताना उत्तम धावले, परंतु भार देताच कॉइल तापून ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवणारा नियंत्रक) वारंवार बंद पडू लागला. अखेर तारा सोडवून कॉइल हाताने एकसारख्या वेगाने ढकलली आणि तिच्या तारांमध्ये (फेजमध्ये) निर्माण होणारे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिले, तर दोन प्लेटांवरून जाताना ते कॅटलॉगमधील आकड्याच्या दोन तृतीयांशच भरले. हे व्होल्टेज आणि मोटरचे बल दोन्ही चुंबकांच्या ताकदीच्या प्रमाणात असतात; बल एक तृतीयांशाने घटले की तेवढ्याच कामाला दीडपट प्रवाह लागतो आणि कॉइलमधील उष्णता सव्वादोन पट होते. प्लेटा उतरवल्यावर नव्याने मारलेल्या काळ्या रंगाखाली निकेलचा मुलामा फुगलेला दिसला. नखाने खरवडताच राखाडी भुकटी निघाली.

“जोडताना तुम्हीच बिघडवल्या,” हे व्यापाऱ्याचे उत्तर होते. बिलावर केवळ ‘मोटर, १ संच’ असे लिहिलेले असल्याने त्याच प्लेटा त्याने दिल्या हे सिद्ध करणे कठीण झाले. व्यवसायासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगाकडे सहसा चालत नाही, म्हणून आम्ही दिवाणी दावा लावला आहे.

असा माल घेणाऱ्यांनी प्रत्येक प्लेटीचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, सर्व प्लेटांवरून कॉइल ढकलून व्होल्टेज आपल्यासमोर मोजायला लावावे आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) वाइंडिंग, म्हणजे कॉइलमधील तारांचे वेढे, व बॉडीमधील इन्सुलेशन तपासावे. यांपैकी एकाही गोष्टीस नकार मिळाल्यास आगाऊ रक्कम देऊ नये. त्या दोन प्लेटा आम्ही पुरावा म्हणून कोरड्या जागी, मध्ये जाड लाकडी फळी घालून ठेवल्या असून, पेसमेकर असलेल्यांनी जवळ येऊ नये अशी सूचना पेटीवर लावली आहे.