लिनक्सवर गेम घेताना: मूळ लिनक्स आवृत्ती की प्रोटॉनमधली विंडोज आवृत्ती?

लिनक्सवर गेम चालतात का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. उरला आहे तो थोडा वेगळा प्रश्न: ज्या गेमची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती उपलब्ध आहे, तो गेम त्याच आवृत्तीत खेळावा, की ती बाजूला ठेवून विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीच्या साधनातून, चालवावी? स्टीम या वाल्व्हच्याच ऑनलाइन गेम-दुकानात एकाच खरेदीत दोन्ही मिळतात, त्यामुळे यात पैशांचा संबंध नाही असे वरवर वाटते. प्रत्यक्षात आपल्यापैकी अनेकजण गेमच्या पानावर ‘स्टीमओएस + लिनक्स’ हा रकाना आहे का ते आधी पाहतात आणि तो नसेल तर हात आखडता घेतात. म्हणजे उत्तर कोणते मानायचे, त्यावर काय विकत घ्यायचे हेही ठरते. मी दोन्ही वाटांनी बरीच वर्षे खेळलो आहे. पुढे जे लिहितो आहे ते मोजमाप नसून अनुभव आहे, आणि माझा कल एका बाजूला आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

सगळ्या लिनक्स आवृत्त्या एका मापाच्या नसतात, ही बाब तुलनेच्या सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी लागते. 1998 साली स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअरने दुसऱ्यांचे गेम लिनक्सवर आणून खोक्यांतून विकले आणि 2002 च्या आरंभी गाशा गुंडाळला. त्यानंतरचा काळ तुरळकच होता. फेब्रुवारी 2013 मध्ये स्टीम अधिकृतपणे लिनक्सवर आले आणि फेरल इंटरअ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅस्पायर, व्हर्च्युअल प्रोग्रॅमिंग अशा कंपन्यांकडून एकामागून एक गेम येऊ लागले. यांपैकी काही आवृत्त्या खरोखर मनापासून केलेल्या होत्या. काही मात्र आतून विंडोजचाच गेम आणि त्यावर भाषांतराचा एक थर, अशा स्वरूपाच्या होत्या. ‘द विचर 2’ ची 2014 मधली लिनक्स आवृत्ती ईऑन नावाच्या अशाच थरावर उभी होती, आणि सुरुवातीला ती इतकी अडखळत चाले की तिच्यावर बराच गदारोळ झाला. तेव्हा लिनक्सचा रकाना दिसला म्हणजे त्यामागे लिनक्ससाठी लिहिलेला गेम असेलच, असे गृहीत धरता येत नाही. कधी कधी निवड दोन भाषांतरांमधलीच असते, आणि त्यांतले एक बरेच जुने असते.

तरीही नेटिव्ह, म्हणजे मूळ लिनक्स आवृत्तीचे फायदे खरे आहेत आणि ते मी नाकारणार नाही. गेम लवकर उघडतो. प्रोटॉनमध्ये होते तसे प्रत्येक गेमसाठी खोट्या सी ड्राइव्हचे वेगळे फोल्डर तयार होत नाही. ज्यांनी जुन्या लॅपटॉपवर जीव यावा म्हणून लिनक्स मिंट टाकले आहे, आणि आपल्याकडे लिनक्सशी पहिली ओळख पुष्कळदा अशीच होते, त्यांच्यासाठी तर कधी कधी दुसरा पर्यायच नसतो. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतल्या आज्ञा व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स-भाषेत उतरवतो आणि नोव्हेंबर 2022 मधल्या त्याच्या 2.0 आवृत्तीपासून त्याला व्हल्कन 1.3 लागते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या एकात्मिक ग्राफिक्सला ते जमत नाही. अशा यंत्रावर ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-भाषेवर चालणारी साधी नेटिव्ह आवृत्ती गुपचूप चालून जाते.

दुसरी अडचण विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांची. जागा वाचावी म्हणून ते विंडोजच्याच एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) पार्टिशनवरील स्टीमचे फोल्डर लिनक्समध्ये जोडतात आणि मग प्रोटॉनचा गेम काही न सांगता बंद पडतो. प्रोटॉनच्या त्या खोट्या सी ड्राइव्हमध्ये ‘c:’ अशी कोलन असलेली नावे आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) लागतात, आणि ती एनटीएफएसवर नीट नांदत नाहीत. हे खोटे सी ड्राइव्ह ज्यात असतात ते ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर हलवून जुन्या जागी त्याचा सिमलिंक दिला की काम भागते. पण हे ज्याला माहीत नाही, त्याला प्रोटॉनच निरुपयोगी वाटला तर त्यात त्याचा दोष नाही.

आता प्रोटॉनकडे वळू. वाल्व्हने तो 21 ऑगस्ट 2018 रोजी जाहीर केला. त्याच्या पायाशी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा, 1993 पासून चालत आलेला वाइन प्रकल्प आहे, आणि वाल्व्हच्या सोबतीला कोडवीव्हर्स ही वाइनमध्ये मुरलेली कंपनी आहे. डीएक्सव्हीके हे फिलिप रेबोले यांनी ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून सुरू केलेले काम, पुढे वाल्व्हने त्याला पाठबळ दिले. फेब्रुवारी 2022 मध्ये वाल्व्हचे लिनक्सवर चालणारे, हातात धरून खेळायचे स्टीम डेक हे यंत्र बाजारात आल्यावर या सगळ्यामागे एका विकाऊ वस्तूची गरज उभी राहिली आणि सुधारणांचा वेग वाढला. विंडोजच्या समन्वयपद्धतीची नक्कल करणारा एनटीसिंक हा ड्रायव्हर तर 2025 मध्ये लिनक्स कर्नेलच्या (गाभ्याच्या) 6.14 आवृत्तीत रुजूही झाला. वेगाविषयी माझे निरीक्षण इतकेच की, माझ्या मध्यम कुवतीच्या यंत्रावर जुन्या ओपनजीएल आवृत्त्यांपेक्षा प्रोटॉनमधला तोच गेम बहुधा अधिक सुरळीत वाटला, आणि व्हल्कन वापरणाऱ्या नव्या नेटिव्ह आवृत्त्यांच्या बाबतीत डोळ्यांना फरक जाणवला नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर याच्या उलटही घडू शकेल.

पण माझा निर्णय वेगाने केला नाही. तो केला एका किरकोळ वाटणाऱ्या, पण पुन्हा पुन्हा डोके वर काढणाऱ्या कटकटीने.

माझा मामेभाऊ विंडोजवर खेळतो. आम्ही दोघे एक चालींवर चालणारा रणनीतीचा गेम ऑनलाइन खेळत असू. गेमची लिनक्स आवृत्ती होती, अधिकृत होती, एकट्याने खेळताना उत्तमही चालत असे. मात्र विंडोजवर नवा अपडेट आला की तो लिनक्सवर यायला कधी आठवडे लागत, कधी त्याहून अधिक; आणि तोवर ‘आवृत्ती जुळत नाही’ एवढ्या एका ओळीवर आमचा डाव अडून बसे. भाऊ दरवेळी विचारी, “दादा, तुझ्याकडे आला का रे अपडेट?” आणि माझे उत्तर ठरलेले असे. त्याने जुन्या आवृत्तीवर परत जावे तर त्याचे बाकीचे मित्र पुढच्या आवृत्तीवर गेलेले असत. पुढे विस्तारसंच विकत घेतला, तो विंडोजवर पहिल्या दिवशी आला आणि आमच्या बाजूला ‘लवकरच’ या शब्दावर राहिला. शेवटी एका संध्याकाळी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कॉम्पॅटिबिलिटीच्या रकान्यात प्रोटॉन निवडला, विंडोजच्या फाइली नव्याने उतरवून घेतल्या आणि डाव सुरू झाला. त्यानंतर ती ओळ पुन्हा दिसलेली नाही.

यामागचे कारण समजून घेतले की कोणावर राग धरावासा वाटत नाही. मूळ स्टुडिओ विंडोजची आवृत्ती बनवतो. लिनक्सची आवृत्ती बहुधा दुसरी कंपनी कंत्राटावर करते. मूळ गेमचा अपडेट आधी प्रसिद्ध होतो, मग तो कंत्राटदाराच्या हाती पडतो, मग कंत्राटदार आपल्या बाजूने तो बसवतो आणि तपासतो. कंत्राट संपले की सगळेच थांबते. आपल्याकडे डांबरी रस्त्याच्या कडेला दोषदायित्व कालावधीचा फलक असतो, त्या कालावधीनंतर खड्डा पडला तर तो कोणाचाच नसतो, तसे हे आहे. फरक एवढाच की गेमच्या पानावर असा फलक नसतो. जिवंत आवृत्ती आणि कधीचीच सोडून दिलेली आवृत्ती, दोघींपुढे तोच लिनक्सचा रकाना दिसतो, आणि विकत घेण्यापूर्वी त्यांतला फरक ओळखणे अवघड असते.

याचे सर्वांना ठाऊक असलेले टोकाचे उदाहरण म्हणजे ‘रॉकेट लीग’. गेम बनवणाऱ्या सायोनिक्सने मार्च 2020 मध्ये त्याच्या लिनक्स आणि मॅक आवृत्त्यांचा पाठिंबा थांबवला. त्या आवृत्त्यांतून ऑनलाइन खेळणे बंद झाले आणि कंपनीने पैसे परत देण्याची सोय केली. गंमत अशी की त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून लिनक्सवर चालतच राहिली. खुद्द वाल्व्हनेही स्टीम डेकवर काही गेमसाठी उपलब्ध लिनक्स आवृत्ती बाजूला ठेवून आपणहून प्रोटॉन निवडलेला आहे. मला वाटते, हा कौल बराच बोलका आहे.

अर्थात प्रोटॉन म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. ऑगस्ट 2022 मध्ये जीलिब्सी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या 2.36 आवृत्तीत एक जुना तक्ता मूळ बांधणीतून वगळला गेला आणि प्रोटॉनमधल्या इझी अँटी-चीट या फसवेगिरी रोखणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असलेले गेम लिनक्सच्या काही वितरणांवर अचानक बंद पडले. मात्र अशी मोडतोड झाली की तिच्या दुरुस्तीमागे लागणारे लोक आज तिथे आहेत. जुन्या नेटिव्ह आवृत्तीला एखादी लायब्ररी सापडेनाशी झाली, तर ती आवृत्ती पुन्हा बांधून देणारे बहुधा कोणी उरलेले नसते. स्टीम स्वतःच्या बंदिस्त लायब्ऱ्या देऊन तिला बरेच सावरते, हे मान्य करायला हवे.

मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. मॉड बहुतेक विंडोजवर तयार होतात, जिथे फाइलच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर एकच मानले जाते. लिनक्सला ते दोन वेगळी नावे वाटतात. त्यामुळे नेटिव्ह आवृत्तीत मॉड टाकल्यावर एखादे चित्र गायब, एखादा आवाज गायब, असे प्रकार होतात आणि आपण तासन्‌तास फाइलींची नावे तपासत बसतो. वाइन ही तफावत स्वतः सांभाळून घेतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नेटिव्हवरून प्रोटॉनवर जाताना जुना खेळ हरवल्यासारखा दिसू शकतो, कारण दोन्ही आवृत्त्या सेव्ह वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात आणि क्लाउडवरचे सेव्ह एकीकडून दुसरीकडे जातीलच असे नाही. ते गेम बनवणाऱ्याने कशी मांडणी केली आहे, त्यावर अवलंबून असते. म्हणून निवड पहिल्याच दिवशी केलेली बरी. शिवाय आवृत्ती बदलली की डाउनलोड पुन्हा करावे लागते, आणि मोबाइलच्या डेटावर ते जड जाते.

‘व्हॅलोरंट’सारख्या गेमपुढे ही तुलनाच निरर्थक आहे: नेटिव्ह आवृत्ती नाही आणि त्याचा व्हॅनगार्ड हा फसवेगिरी रोखणारा पहारेकरी प्रोटॉनला आत येऊ देत नाही. इझी अँटी-चीट आणि तशीच बॅटलआय ही प्रणाली यांनी 2021 मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ते वापरायचे की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो, आणि ठरवलेले बदलूही शकतो. ‘एपेक्स लेजंड्स’ने ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस लिनक्सला मनाई केली.

खरेदीच्या बाबतीत या सगळ्याचा माझ्यापुरता परिणाम असा झाला की लिनक्सचा रकाना नसणे हे मी आता न घेण्याचे कारण मानत नाही. कोणता गेम प्रोटॉनमध्ये कसा चालतो हे खेळाडू जिथे नोंदवतात त्या प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावरची अलीकडची मते वाचतो, स्टीमवर रुपयांतली किंमत पाहतो आणि घेऊन टाकतो. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो, आणि चालतो की नाही हे कळायला तेवढा वेळ पुरतो. जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानात ही मुदत तीस दिवसांची आहे आणि इन्स्टॉलर आपल्याजवळ राहतो. तिथला विंडोजचा इन्स्टॉलर हिरोइक किंवा लुट्रिस या लिनक्सवरच्या गेम-लाँचरमधून चालवण्यात विशेष अवघड काही नाही. प्रोटॉनमध्ये खेळल्याने लिनक्सचा ग्राहक मोजलाच जाणार नाही, ही भीती पूर्वी मलाही वाटत असे. पण प्रोटॉनमधून खेळलेला गेम लिनक्सच्या विक्रीत धरला जातो, असे वाल्व्हने आरंभीच स्पष्ट केले होते.

जिथे गेम बनवणारेच लिनक्सची आवृत्ती स्वतः सांभाळतात, तिथे मात्र मी रकान्यावर विश्वास ठेवतो. ‘बाल्डर्स गेट 3’ ची स्टीम डेकसाठीची स्वतंत्र आवृत्ती त्याच्या निर्मात्या लॅरियनने सप्टेंबर 2025 मध्ये आणली, ती अशांपैकी आहे. आणि ‘फॅक्टोरियो’ तर मी प्रोटॉनमध्ये नेण्याचा विचारही करत नाही, कारण त्याची लिनक्स आवृत्ती फोर्क (चालू प्रोग्रॅमची प्रत काढण्याची लिनक्समधली सोय) वापरून गेममधला कारखाना न थांबवता मागच्या मागे सेव्ह करू शकते. ती सोय त्याच्या विंडोज आवृत्तीत नाही.