काळा साबण, शिया बटर आणि लंडनचे पाणी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

शॉवरच्या फिल्टरमधील काडतूस (कार्ट्रिज) बदलण्याची वेळ झाली आहे, अशी आठवण करून देणारा ईमेल परवा विक्रेत्याकडून आला आणि गेले अकरा महिने मनात साठलेले एकदाचे लिहून काढावे असे ठरवले. हा फिल्टर मी ३८ पौंड मोजून घेतला, तो माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या केसांसाठी. मी साताऱ्याची आणि तिचे वडील घानातील कुमासीचे. तिचे केस मात्र निर्विवादपणे कुमासीचे आहेत, म्हणजे ज्यांना इकडे ‘फोर-सी’ म्हणतात तसे, अगदी बारीक वळ्यांचे, ओढून धरले तर खांद्याखाली येणारे आणि सोडले की कानाशी जाऊन बसणारे. ज्यांच्या घरी असे केस आहेत त्यांना शिया बटर (आफ्रिकेतील शिया झाडाच्या बियांतून काढलेले घट्ट लोणी), ब्लॅक सोप (तिकडचा राखेचा काळा साबण) आणि जवसाचे जेल ठाऊक असतेच, त्यामुळे त्यांची अधिक ओळख करून देण्यात जागा घालवत नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये बाटलीबंद क्रीम बंद केले, त्यामागे निसर्गप्रेम वगैरे काही नव्हते. गुंता सोडवण्याच्या क्रीमची १४ पौंडांची बाटली आमच्याकडे जेमतेम तीन आठवडे पुरत असे आणि महिन्याचा हिशेब लिहिताना तो आकडा दर वेळी डोळ्यांत खुपत असे. म्हणून पेकहॅमच्या राय लेनवरून अर्धा किलो शिया बटर आणले, सासूबाईंनी कुमासीहून धाडलेला काळा साबण कपाटातून बाहेर काढला आणि आईने चटणीसाठी पाठवलेले जवस कामाला लावले.

जवसाच्या जेलबद्दल माझी तक्रार एकच आहे आणि ती गाळण्याची आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळले की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते, इथपर्यंत सगळे सोपे आहे. पहिल्या खेपेस मी ते चक्का बांधायच्या फडक्यातून गाळायला घेतले आणि अर्ध्या तासाने माझ्या हातात एक गरम, निसरडे, न गळणारे गाठोडे तेवढे उरले होते. फडक्याची वीण इतक्या बारीक कामाची नाही, किंवा खरे तर जास्तच बारीक आहे. जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून, मिश्रण गरम असतानाच गाळले तर दोन मिनिटांत काम होते. थंड होऊ दिले तर ते कशातूनच उतरत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, त्यानंतर वास येतो. केस बसवण्यासाठी याच्या तोडीचे स्वस्त दुसरे काही मला सापडलेले नाही आणि उरलेल्या बियांचे काय करावे याचा शोध अजून चालू आहे.

शिया बटरला घानात ‘न्कुतो’ म्हणतात. ते वितळवून फेटून ठेवले आणि स्वयंपाकघरात सावकाश गार होऊ दिले की रव्यासारखे दाणे धरते. हा दोष नाही. त्यातील वेगवेगळे स्निग्धांश वेगवेगळ्या तापमानाला गोठतात म्हणून तसे होते. पूर्ण वितळवून भांडे थेट फ्रीझरमध्ये ठेवले तर लोण्यासारखे मऊ राहते. दाणे तळहाताच्या उबेने विरघळतातच, तरीही पहिल्या डब्याच्या वेळी मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते, हे कबूल करते.

तेलाच्या बाबतीत माझे संस्कार आड आले. ‘अगं, तेलच कमी पडतंय, चांगलं चोपून घाल,’ असे आई दर रविवारी फोनवर सांगे आणि मी कोरड्या केसांवर खोबरेल तेल चोपत राही. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले होते, त्यामुळे आई अगदीच चूक नव्हती. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. सरळ केसांत टाळूचे तेल वरून खालपर्यंत ओघळते. अशा वळणावळणाच्या केसांत ते मुळाशीच अडते आणि टोके कायम कोरडी राहतात, म्हणून आधी पाणी, मग पातळ क्रीम किंवा जेल आणि सर्वांत शेवटी ते पाणी आत कोंडण्यापुरते तेल किंवा शिया, हा क्रम पाळावा लागतो. धुण्याआधी रात्रभर खोबरेल आणि धुतल्यानंतर ओल्या केसांवर शिया, अशी वाटणी केल्यावर आई आणि केस दोघांचेही समाधान झाले.

आता मूळ दुखण्याकडे येते. काळा साबण, घानातील ट्वी भाषेतील ‘अलाता सामिना’, केळीच्या जातीतल्या प्लांटेनच्या साली आणि कोकोच्या फळांची टरफले जाळून, त्या राखेच्या क्षारात ताडाच्या वर्गातील झाडाचे तेल आणि शिया शिजवून करतात. आमच्याकडचा गोळा दिसायला जुन्या, पाघळलेल्या कोल्हापुरी गुळासारखा आहे. त्यात राखेचे कण असतात, म्हणून तो थेट डोक्यावर घासायचा नसतो. अक्रोडाएवढा तुकडा कपभर कोमट पाण्यात विरघळवून, गाळून वापरायचा असतो. हे सगळे मी पहिल्या दिवसापासून पाळले, आणि तरीही फेब्रुवारीपर्यंत लेकीच्या केसांवर राखाडी पापुद्रा दिसू लागला. बोटांच्या चिमटीत केस धरून ओढले तर नखाखाली मेणासारखे काहीतरी साचत असे. गुंता सोडवायला पावणेदोन तास लागत. रुंद दातांच्या कंगव्यात जे केस अडकत ते मी टिपकागदावर पसरून पाहिले, तेव्हा बहुतेकांच्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका नव्हता. म्हणजे केस गळत नव्हते, मधूनच तुटत होते. मार्चमध्ये शाळेत फोटो काढले गेले, त्यात तिच्या वेण्यांवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते आणि तो फोटो सासूबाईंना पाठवायचे मी टाळले.

दोष मी शिया बटरला दिला. सहा आठवडे ते पूर्ण बंद ठेवले आणि त्या सहा आठवड्यांत केस आणखी तुटले, याची रुखरुख अजून आहे. मग कोणीतरी पाण्याचा विषय काढला. लंडनचे पाणी खडूच्या खडकांतून झिरपत येते आणि लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना घेऊन येते. किटलीच्या तळाचा पांढरा थर मी रोज पाहत होते, पण किटलीचा आणि डोक्याचा संबंध जोडण्याचे सुचले नव्हते. एप्रिलमध्ये ‘जड पाणी मऊ करतो’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेला हा शॉवर-फिल्टर मागवला. चार महिने वापरला. क्लोरीनचा वास कमी झाला, एवढे मात्र खरे. पापुद्रा तसाच राहिला.

ऑगस्टमध्ये कुमासीला गेलो. सासूबाईंच्या अंगणात छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी काळी टाकी आहे, तिला तिकडे सगळे ‘पॉलिटँक’ म्हणतात. त्या पाण्यात, आमच्या गोळ्याच्याच सख्ख्या भावंडाने, सासूबाईंनी नातीचे डोके धुतले आणि मी बाजूला उभी राहून तो दुधासारखा दाट फेस पाहत राहिले, कारण तसा फेस मी आमच्या न्हाणीघरात एकदाही पाहिला नव्हता. दुसऱ्या धुण्यानंतर पापुद्रा गेला. मग त्यांनी केसांचे लहान भाग करून प्रत्येकाला मुळापासून टोकापर्यंत काळा दोरा गुंडाळला; उष्णता न देता केस लांबवण्याची ही तिकडची जुनी रीत आहे आणि तो दोरा पाहून मला आजीच्या पेटीतली केस बांधायची आगवळ आठवली. दोरे सुटले तेव्हा लेकीचे केस प्रथमच पाठीवर टेकले आणि ती दिवसभर मान मागे टाकून चालत होती.

परत आल्यावर जे आधीच करायला हवे होते ते केले. सुफेन (मऊ) आणि दुष्फेन (जड) पाण्याचा धडा मी मराठी शाळेत शिकले होते, प्रयोगवहीत आकृतीसुद्धा काढली होती. चार सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत फिल्टरचे, तिसरीत बागेतल्या बादलीत साचलेले पावसाचे आणि चौथीत उकळून रात्रभर निवत ठेवलेले, वरवरचे ओतून घेतलेले नळाचेच पाणी. प्रत्येकीत काळ्या साबणाचे दहा थेंब टाकून तीस वेळा हलवले. नळाच्या बाटलीत फाटलेल्या दुधासारखा चोथा झाला. फिल्टरच्या बाटलीत तंतोतंत तसाच. पावसाच्या पाण्याची बाटली अर्धी फेसाने भरली आणि उकळलेल्या पाण्यातला फेस तिच्याहून दोन बोटे कमी भरला. तो चोथा म्हणजेच चुना आणि साबणातील मेदाम्ले यांचे न विरघळणारे संयुग, आणि तोच माझ्या लेकीच्या डोक्यावर सहा महिने बसत होता. इकडच्या पाण्यातला चुना बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो, त्यामुळे उकळल्यावर तो तळाशी बसतो. सगळा नाही, पण साबणाला फेस येण्याइतका निश्चित. शॉवरवर बसवायचे असले फिल्टर क्लोरीन अडवतात, चुना अडवत नाहीत. त्यासाठी मिठावर चालणारे वेगळे यंत्र लागते आणि ते आमच्या भाड्याच्या घरात बसवता येत नाही.

चारही बाटल्यांचे छायाचित्र मी विक्रेत्याला पाठवले आणि पैसे परत मागितले. परिणाम व्यक्तीनुसार बदलतात, असे उत्तर आले. मी बाटल्यांचे छायाचित्र पाठवले होते, व्यक्तीचे नव्हे, हे मी नम्रपणे कळवले. त्यावर, काडतूस एकदा उघडल्यास परत घेतले जात नाही, हा नियम दाखवण्यात आला. काडतूस न उघडता ते चालते की नाही हे कसे पाहायचे, या प्रश्नाला अद्याप उत्तर आलेले नाही.

सध्याची पद्धत अशी आहे. एकाआड एक शनिवारी रात्री दोन पातेल्यांत मिळून सहा लिटर पाणी उकळून ठेवते. त्याला वीस पेन्सचीही वीज लागत नाही, हे मी मीटर पाहून लिहिते आहे. सकाळी तळाचा पांढरा गाळ न ढवळता पाणी काढून घेते, कोमट करते आणि त्यातच साबण लावणे व धुणे दोन्ही उरकते. साबण संपूर्ण निघेपर्यंत नळाचे पाणी डोक्याला लागू द्यायचे नाही, ही यातली कळीची गोष्ट आहे. पहिल्या वेळी मी शेवटचा हात शॉवरखाली मारला आणि चोथा पुन्हा जमला. हा साबण मऊ पाण्यातही अल्कधर्मीच राहतो आणि केसाचे खवले उघडतो, म्हणून शेवटी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा सफरचंदाचा व्हिनेगर घालून ओतते. आठवड्याला हा साबण लावणे मला तरी पटत नाही.

मधल्या एका खेपेस शिकेकाई वापरून पाहिली. ती रासायनिक अर्थाने साबण नाही, त्यामुळे नळाच्या पाण्यातही चोथा होत नाही आणि सहा लिटर उकळण्याचा खटाटोप वाचतो, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. परंतु कणभर पाणी डोळ्यात गेले आणि लेकीने जो आकांत केला, त्यानंतर आमच्या घरात शिकेकाईचे नाव काढायची सोय उरलेली नाही. शिवाय भुकटी कितीही वस्त्रगाळ केली तरी अशा दाट वळ्यांत तिचे कण अडकून बसतात आणि दोन दिवस उशीवर सांडत राहतात. माझ्या स्वतःच्या केसांसाठी मात्र मी आता तीच वापरते.

गुंता सोडवायला परवा चाळीस मिनिटे लागली, ओल्या केसांत, टोकाकडून मुळाकडे जात, आधी बोटांनी आणि मग कंगव्याने. टिपकागदावरच्या केसांपैकी निम्म्याहून अधिक केसांना पांढरा ठिपका होता. शिया बटरचा तिसरा अर्धा किलो चालू आहे. विक्रेत्याच्या ईमेलला मी उत्तर दिलेले नाही, पण फिल्टर अजून भिंतीवरच आहे, कारण जुना शॉवर पुन्हा बसवायला जो रबरी वॉशर लागतो तो मी एप्रिलमध्ये मोठ्या उत्साहाने कचऱ्यात टाकला होता.