बेडकाच्या अंड्यांवरील प्रयोगांसाठी ‘स्नॅप’: वापरानंतरचा अभिप्राय

झेनोपस लेव्हिस या दक्षिण आफ्रिकेतील बेडकाचे अंडे फलन होईपर्यंत अर्धसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) दुसऱ्या मध्यावस्थेत थांबून राहते. नायट्रिक ऑक्साइडमुळे हा थांबा सुटतो का, हे तपासण्यासाठी आम्ही ‘स्नॅप’, म्हणजेच एस-नायट्रोसो-एन-अ‍ॅसिटिलपेनिसिलामाइन, हे नायट्रिक ऑक्साइड सोडणारे संयुग वापरतो. या कामासाठी ते मला मनापासून आवडलेले रसायन आहे.

त्याची पूड हिरवी असते आणि डीएमएसओ या द्रावकात सहज विरघळते. रेणुभार सुमारे 220 असल्याने 22 मिलिग्रॅम पुडीपासून एक मिलिलिटर 100 मिलिमोलर द्रावण तयार होते. नायट्रिक ऑक्साइड सुटत जातो तसा हिरवा रंग फिका पडतो, त्यामुळे द्रावण शिळे झाले की डोळ्यांनाच कळते. 2012 साली ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, स्नॅपमुळे ही अंडी शुक्राणूविनाच सक्रिय होतात, असे दिसले होते. सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याच्या वरच्या अर्ध्या भागातील गडद रंगद्रव्य ध्रुवाकडे आक्रसत जाताना पाहिले की विभाजन पुढे सरकल्याची पहिली खूण मिळते; मात्र केवळ तेवढ्यावर विसंबू नये, कारण पिपेटच्या अरुंद तोंडातून अंडे दाबले गेले किंवा सुईचा टोचा लागला, तरीही नेमके हेच घडते. पूर्वकेंद्रक (विभाजन पूर्ण झाल्यावर अंड्यात बनणारे केंद्रक) तयार झाले का, हे छेद घेऊन पाहिलेच पाहिजे.

तक्रार आहे ती वेष्टनाबद्दल. प्रकाश, उष्णता आणि तांब्याचे आयन यांमुळे स्नॅपचे विघटन होते, तरीही एका पुरवठादाराकडून आमची कुपी पारदर्शक काचेत आणि वितळलेल्या बर्फासह आली. सोबतच्या पत्रकात उणे 20 अंशांवर साठवण्याची सूचना होती, पण तांब्याचा उल्लेखही नव्हता. तांबे बांधून ठेवण्यासाठी अंड्यांच्या माध्यमात ईडीटीए हे धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ईडीटीए कॅल्शियमही धरून ठेवते आणि अंडे सक्रिय होण्याची सारी प्रक्रिया कॅल्शियमवरच चालते.

नव्याने वापरणाऱ्यांनी लहान कुप्याच मागवाव्यात, द्रावण त्याच दिवशी करावे आणि उरलेले फेकू नये. प्रकाशात ठेवून रंग पूर्ण गेलेले, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सोडून संपलेले, तेच द्रावण नियंत्रण गटाला (तुलनेसाठीच्या अंड्यांना) द्यावे. त्या गटातील अंडीही आक्रसली, तर तो परिणाम नायट्रिक ऑक्साइडच्या नावावर मांडता येत नाही.