पॅडेड बिब शॉर्ट्स: कोकणच्या दमट हवेतील परीक्षण

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने जात असला, तरी तेथील चढउतार आणि दमट हवा नव्या सायकलस्वाराच्या कपड्यांची कसून परीक्षा घेतात. याच रस्त्यावर वापरलेल्या, बिब शॉर्ट्सविषयी, म्हणजे खांद्यांवरून पट्टे जाणाऱ्या आणि बैठकीच्या जागी आतून पॅड (फोमची गादी) शिवलेल्या सायकलिंगच्या शॉर्ट्सविषयी, माझे मत अनुकूल आहे. कमरेला घट्ट इलॅस्टिक नसल्यामुळे पुढे वाकून बसल्यावर पोटावर दाब येत नाही, आणि चढावर वारंवार सीटवरून उठले तरी पॅड जागचे हलत नाही, हा या रचनेचा सर्वांत मोठा लाभ होय. पॅड मध्यम जाडीचे, परंतु घट्ट फोमचे आहे. फार मऊ पॅड दुकानात सुखद वाटते, मात्र लांबच्या फेरीत ते दबून जाते आणि घाम धरून ठेवते. आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याच्या शिवणी आणि घामाने भिजलेले सुती कापड मांड्यांना काचते. नवख्यांना हे विचित्र वाटते, पण ते मनापासून पाळावे.

उणिवाही आहेत. पाठीवरील जाळी अधिक विरळ हवी होती, आणि पट्टे जर्सीच्या (सायकलिंगच्या टी-शर्टच्या) आत असल्यामुळे लघवीला जाताना स्त्रियांना बहुधा जर्सीही उतरवावी लागते. पावसाळ्यात पॅड लवकर वाळत नाही. म्हणून रोज सायकल चालवणाऱ्यांनी दोन जोड घ्यावेत, प्रत्येक फेरीनंतर लगेच धुवावेत आणि उलटे करून सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत.